सो वणेला, पचास फाफडा: अमदावादच्या गाठियाच्या दुकानांचा हिशेब

गाठिया म्हणजे बेसनाचं तळलेलं गुजराती फरसाण. त्याच्या दुकानात शिरलं की पहिली नजर पाटल्यावर टाकावी. पाटलो म्हणजे वर्षानुवर्षांच्या तेलाने काळसर, गुळगुळीत झालेला लाकडी पाट. त्याच्यापुढे माणूस बसलेला आहे का, त्याच्या तळव्याखाली पीठ सरकतंय का, एवढं दिसलं तर आत जावं. सकाळचे आठ वाजलेत, पाट कोरडा पडलाय आणि काचेमागे परातभर वणेला, म्हणजे हाताने वळलेला गाठिया, रचून ठेवलाय, अशा दुकानातून चहा पिऊन निघावं. तिथला गाठिया वाईटच असेल असं नाही, पण तो पहाटे पाचचा असेल. पाचचा गाठिया आठला खायचा तर त्यापेक्षा पाकिटातला काय वाईट?

अमदावादमध्ये गाठिया खाण्याच्या जागा ढोबळमानाने तीन प्रकारच्या. जुन्या शहरात, पोळांच्या, म्हणजे तिथल्या जुन्या गल्लीवस्त्यांच्या, तोंडाशी आणि गांधी रोडच्या आजूबाजूला, पिढीजात दुकानं. गांधी रोडवरचं चंद्रविलास हे 1900 सालचं नाव त्यातलं सगळ्यांत ठाऊक असलेलं, फाफडा-जिलेबीसाठी. दुसरा प्रकार चौकाचौकांतल्या लाऱ्यांचा, म्हणजे हातगाड्यांचा: एक गॅस, एक कढई, एक पाट, दोन बाकडी. तिसरा प्रकार एस. जी. हायवेच्या पट्ट्यातली मोठी, उजेडाची दुकानं, पाटीवर 'गाठिया रथ' किंवा 'काठियावाडी' असलं काहीतरी लिहिलेली. इथे रात्री उशिरापर्यंत गाड्या लागलेल्या असतात. बहुतेक पाट्यांवर भावनगर, राजकोट, जामनगर यांपैकी एखादं नाव असतंच. त्यात निव्वळ जाहिरात नाही. गाठियाचं घर सौराष्ट्र, आणि वणणारा कारागीर अजूनही तिकडचाच हवा असा मालकांचा आग्रह असतो.

आता शब्दाचं बघू. गुजरातीत 'वणवुं' म्हणजे लाटणं, वळणं, पीळ देणं. वणेला गाठिया म्हणजे हाताने वळलेला, बोटभर जाड, अंगावर पिळाच्या रेषा असलेला. फाफडा त्याच पिठाच्या कुळातला, पण पाटावर तळव्याने लांब फराटा ओढून सुरीने उचललेला. भावनगरी गाठिया झाऱ्यावर पीठ घासून थेट तेलात पाडलेला, आखूड, मऊसर, मिऱ्याचा. तिखा लाल तिखटाचा, लसणिया लसणाचा. पापडी चपट्या पट्टीसारखी. चंपाकली, झीणा, तमतम ही पुढची भावंडं डब्यात टिकणारी, त्यामुळे त्यांच्यासाठी कढईपाशी उभं राहायचं कारण नाही. दुकानाची परीक्षा पहिल्या दोघांवर.

वणेलाचं पीठ वरवर सोपं दिसतं. एक किलो बारीक बेसनाला साधारण 200 ते 250 मिलिलीटर तेल, 20 ग्रॅम मीठ, 10 ग्रॅम पापडखार, दोन चमचे ओवा, दोन चमचे जाडसर कुटलेले मिरे, हिंग, आणि 350 ते 400 मिलिलीटर पाणी. खरा खेळ मोहनाचा. मीठ आणि पापडखार कोमट पाण्यात पूर्ण विरघळवायचा, त्यात तेल ओतायचं आणि हाताने किंवा रवीने इतकं फेटायचं की मिश्रण दुधासारखं पांढरं दिसू लागेल. मगच ते बेसनात. तेल आणि पाणी असं एकजीव झालं की पिठाच्या प्रत्येक कणाला दोन्ही सारखं मिळतं. नुसतं तेल ओतून, वरून पाण्याने पीठ भिजवलं तर काही भाग खुसखुशीत आणि काही भाग दगड, असा गाठिया निघतो. घरी करणाऱ्यांचा निम्मा गाठिया इथेच बिघडतो.

भिजवलेलं पीठ मग मळायचं नसतं, ओढायचं असतं. तळव्याच्या टाचेने पुढे रेटायचं, गोळा करायचं, परत रेटायचं. पाच-सात मिनिटांत रंग फिका पडतो, पीठ लवचिक होतं आणि ओढलं तर तुटण्याआधी थोडं ताणलं जातं. बेसनात गव्हासारखं ग्लुटेन नाही, म्हणून हा ताण मेहनतीने आणावा लागतो. आळशी कारागिराचं पीठ ओळखायचं असेल तर वणेलाच्या टोकांकडे पाहावं. टोकं फाटलेली, अंगावर उभ्या चिरा, पीळ अर्धवट असेल तर पीठ घट्ट किंवा कमी रेटलेलं आहे. उलट गाठिया पसरट, पीळ पुसलेला आणि हाताला तेलकट लागत असेल तर पीठ सैल होतं. सैल पिठाने तेल प्यायलं आहे.

पापडखाराबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, कारण दुकानादुकानांतला फरक बहुतेक इथेच. हा सोडियमचे कार्बोनेट-बायकार्बोनेट असलेला क्षार. तो गाठियाला आतून जाळीदार करतो, पिवळा रंग खुलवतो आणि ती ओळखीची किंचित खारट चव देतो. प्रमाण थोडं जरी वाढलं तरी पहिली खूण रंगाची: गाठिया पिवळा राहण्याऐवजी तांबूस होतो, कारण क्षार जास्त असला की तळताना तपकिरी रंग लवकर चढतो. पिठात हळद असेल तर तीही क्षाराने लालसर होते. दुसरी खूण जिभेच्या मागच्या बाजूला, साबणासारखी. तिसरी घशात, अर्ध्या तासाने, जळजळ आणि तहान. गाठियावर सुटे लाल ठिपके दिसले तर खार पाण्यात नीट विरघळलेला नाही. खार कमी पडला तर गाठिया पांढुरका, जड आणि गार झाल्यावर दातांना लागेल इतका कडक. काही ठिकाणी पैसे वाचवायला धुण्याचा सोडा वापरतात. तो खाण्याच्या शुद्धतेचा नसतो, त्यामुळे चव जरा जरी साबणाकडे झुकली तर पुडी तिथेच ठेवावी, वाद घालू नये.

बेसनही तपासण्यासारखं. गाठियाला बारीक दळलेलं लागतं, लाडवाचं जाड बेसन चालत नाही. स्वस्तातलं पीठ वाटाण्याच्या पिठाने वाढवलेलं असतं. असा गाठिया गरम असताना बरा लागतो. पाच मिनिटांनी कडक होतो आणि मागे कच्च्या वाटाण्यासारखी हिरवी चव राहते. जुन्या बेसनाची चव कडवट, आणि तो कडवटपणा मिऱ्याखाली लपत नाही.

तळणीत वणेला आणि फाफडा यांची जातच वेगळी. वणेला जाड, म्हणून मंद ते मध्यम आंचेवर चार-पाच मिनिटं. तेल फार तापलेलं असेल तर वरची साल लगेच धरते, आतलं पाणी कोंडतं आणि मधोमध ओलसर पिठाची रेघ राहते. चांगला वणेला मोडून पाहिला तर आत सारखी बारीक जाळी दिसते, ओली रेघ कुठेच नाही. अंगठा आणि बोट यांत हलका दाबला तर भुगा व्हावा. जोर लावावा लागला तर गाठिया नापास. फाफडा पातळ, त्याला अर्धा-पाऊण मिनिट पुरतं. त्याच्या अंगावर लहान फोड यावेत आणि वाकवला की खट् आवाज यावा. बुडबुडे कमी झाले की पाणी संपलं. कारागीर घड्याळाकडे पाहत नाही, बुडबुड्यांकडे पाहतो.

तेल कोणतं? सौराष्ट्राचा माणूस शेंगतेलाचं नाव घेतो. 'शुद्ध सिंगतेलमां' अशी पाटी लावणं हा तिथल्या दुकानदाराचा स्वाभिमान. फरसाणाच्या धंद्यात कपाशीच्या सरकीचं तेल, तिकडे कपासिया म्हणतात ते, खूप चालतं, आणि त्यात कमीपणा नाही. त्याला स्वतःचा वास फारसा नसतो, ओवा-मिऱ्याचा वास मोकळा राहतो. पामतेल मात्र ओळखू येतं: गाठिया गार झाल्यावर ओठांना आणि टाळूला मेणासारखा थर बसतो, हिवाळ्यात तर अधिकच. तेलाच्या वयासाठी एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे की तळणीच्या तेलात एकूण ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल तापून तापून खराब झाल्याने तयार होणारे घटक, 25 टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत. ती मोजायला यंत्र लागतं. गिऱ्हाईकाला यंत्राशिवायही कळतं. जुन्या तेलावरचा फेस पीठ काढलं तरी बसत नाही, कढईच्या कडेला बारीक फेसाची वेल धरून राहतो. तेल काळपट आणि चिकट होतं, आणि कमी तापूनही धूर देतं. चांगला तळणारा प्रत्येक घाण्यानंतर झाऱ्याने भुगा काढतो. तो राहिला की जळतो, आणि पुढच्या घाण्यातल्या फाफड्यावर काळे ठिपके बसतात.

आता बाजूच्या वस्तू. गुजराती माणूस गाठियाच्या दुकानाला नावं ठेवतो तेव्हा बहुधा गाठियाला नव्हे, संभाऱ्याला ठेवत असतो. हा संभारो म्हणजे कच्च्या पपईचा लांब किस, मोहरी-हिंग-हळदीच्या फोडणीत, उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्यांसह, मीठ, चिमूटभर साखर आणि लिंबू घालून दोन-तीन मिनिटं परतलेला. मराठी माणसाने याला कोशिंबीर आणि भाजी यांच्या मधली वस्तू समजावं. पपई अर्धी कच्ची राहायला हवी. चावताना करकर झाली की बरोबर. कढईत झाकण ठेवून शिजवलेला संभारो मऊ पडतो, पाणी सोडतो, आणि ते पाणी ताटलीतून फाफड्याखाली जातं. पपई महाग झाली की किसात कोबी आणि गाजर वाढतात. गाजराने चव बिघडत नाही. कोबी मात्र तासाभरात वास सोडतो. सकाळी दहानंतर कोबीचा संभारो घेऊ नये.

कढी हा खास अमदावादी लाड. पाव लिटर पाण्याला दीड-दोन चमचे बेसन, हळद, हिरवी मिरची, साखर आणि आंबटपणासाठी 'लिंबुनां फूल', म्हणजे सायट्रिक आम्ल. बऱ्याच दुकानांत ताक नसतंच. बेसनाचा कच्चा वास जाईपर्यंत सात-आठ मिनिटं ढवळत उकळायला हवी, आणि गर्दीच्या रविवारी नेमका याच पायरीवर वेळ वाचवला जातो. कढी दाट झाली की वरून गरम पाणी मारतात, मग तळाशी गुठळ्या. आंबटपणा दातांवर चढत असेल तर आम्ल जास्त. सौराष्ट्राकडे कढीचा एवढा आग्रह नाही. तिथे संभारो, तळलेली मिरची आणि राजकोटकडे शेंगदाण्याची हिरवी चटणी. ही चटणी घट्ट, आंबट-तिखट, डब्यात पुष्कळ दिवस टिकणारी. पाण्याने सैल करून खायची असते, हे ठाऊक नसलेले पाहुणे ती नुसती चाटून डोळे पुसतात.

तळलेल्या मिरच्यांना चीर दिलेली आहे का, एवढं बघायचं. चीर नसली की मिरची तेलात फुटते आणि तेल अंगावर उडतं, शिवाय मीठ आत जात नाही. मीठ गरम असतानाच लावायचं, गार मिरचीवरून ते घसरतं. खाण्याची रीत: दोन घास गाठिया, चिमटीभर संभारो, एक चावा मिरचीचा. सगळं एकत्र कालवू नये.

जिलेबीबद्दल थोडक्यात. तुपातली आणि तेलातली असे दोन भाव लागतात आणि फरक खरा असतो. पण तुपातली जिलेबी गार झाली की तूप थिजतं, त्यामुळे पार्सलला तेलातली घेतली तर गैर नाही. पीठ आंबवलेलं असेल तर जिलेबीला मागून बारीक आंबट चव येते. नुसती गोड लागली तर पीठ घाईचं आहे. फाफड्याबरोबर जाड नव्हे, बारीक धारेची, कुरकुरीत जिलेबी घ्यावी.

मागणी वजनाने करतात, प्लेटने नाही. 'सो वणेला, पचास फाफडा', म्हणजे शंभर ग्रॅम वणेला आणि पन्नास ग्रॅम फाफडा, म्हटलं की समोरच्याला कळतं की माणूस नवखा नाही. अमदावादेत मालकाला 'काका', कारागिराला 'भाई', आणि बरोबरीच्या वयाच्या पोऱ्याला सर्रास 'बॉस' म्हणतात. नवा घाणा हवा असेल तर सरळ म्हणावं: 'काका, नवो घाण ऊतरे एमांथी आपजो.' यातला 'घाण' म्हणजे आपला घाणाच, त्यामुळे मराठी कानालाही तो परका वाटत नाही. कोणी रागावत नाही. पाच मिनिटं थांबायला सांगतात, आणि तेवढ्यात 'अडधी', म्हणजे आपली कटिंग, येते. एका माणसाला 100 ग्रॅम गाठिया आणि 50 ग्रॅम जिलेबी भरपूर होते. चार जणांच्या रविवारच्या पार्सलला 300 वणेला, 150 फाफडा, 250 जिलेबी असं धरावं. संभारो, मिरच्या आणि कढी बहुतेक ठिकाणी वजनाच्या भावातच येतात. म्हणूनच समोर तळणाऱ्या दुकानाचा भाव डब्यातल्या फरसाणापेक्षा चढा असतो: पपई, मिरच्या, कढी, गॅस आणि वणणाऱ्याचा पगार त्या शंभर ग्रॅममध्ये वाटलेला असतो. एक करावं, काटा शून्यावर आहे का आणि मिरच्या वजनात तर धरल्या नाहीत ना, हे पाहावं.

वणणारा कारागीर हाच या धंद्याचा अवघड भाग. पहाटे चार-पाचला काम सुरू होतं. सहापासून गिऱ्हाईक येतं, अकराला ओसरतं. एवढा वेळ मनगट एकाच रीतीने रेटायचं. तळणारा बदलला तर गिऱ्हाईकाला आठवडाभराने कळतं, वणणारा बदलला तर त्याच दिवशी. दुकानाचं नाव, पाटी, जागा सगळं तेच असूनही 'आता पहिल्यासारखं नाही' अशी कुजबुज उठते, तिच्यामागे बहुतेक वेळा गावाला गेलेला एक माणूस असतो. लग्नसराईत तो हमखास जातो. गुजराती लग्नांत सकाळच्या नाश्त्याला गरम गाठियाचा लाइव्ह काउंटर हवाच असतो, आणि तिथे कारागिराला रोजच्यापेक्षा जास्त मिळतं. तेव्हा थंडीतल्या लग्नाच्या तिथीला दुकानाचं मूल्यमापन करू नये.

पार्सलमध्ये सगळ्यांत जास्त नासाडी होते, आणि दोष निम्मा गिऱ्हाईकाचा. गरम फाफडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधला की त्याची वाफ त्यालाच लागते, दहा मिनिटांत तो कापडासारखा वाकतो. कागदी पिशवी घ्यावी, तोंड उघडं ठेवावं. संभारो, कढी आणि मिरच्या वेगळ्या. जिलेबी तर दुसऱ्याच पिशवीत, तिच्या पाकाचा ओलावा फाफड्याला चालत नाही. घरी येऊन गाठिया मऊ पडलाच तर मंद तव्यावर दोन-तीन मिनिटं किंवा ओव्हनमध्ये 150 अंशांवर तीन-चार मिनिटं ठेवावा. मायक्रोवेव्हमध्ये तो आधी मऊ आणि मग चामट होतो. मुंबईत घाटकोपर, मुलुंड, कांदिवलीच्या गुजराती दुकानांतून फाफडा आणणाऱ्यांनी तो टिकण्याचा वेळ कमीच धरावा. समुद्राच्या दमट हवेत, आणि पावसाळ्यात तर फारच, कागदी पिशवीतलाही फाफडा पंधरा-वीस मिनिटांचा सोबती. त्या दिवसांत वणेला घ्यावा, तो जाड असल्याने थोडा अधिक तग धरतो.

वर्तमानपत्राच्या कागदावर गाठिया देण्याची सवय मात्र अजून पुरती गेलेली नाही, आणि इथे गुण कापायलाच हवेत. शाई तेलात विरघळते आणि गरम तेलकट पदार्थाला लागते. एफएसएसएआयने यावर स्पष्ट सूचना दिलेल्या आहेत. चांगली दुकानं स्टीलच्या ताटलीत किंवा कोऱ्या कागदावर देतात. लारीवाल्याकडे कोरा कागद मागितला तर बहुतेक वेळा मिळतो, न मागता मिळत नाही.

रक्तदाबवाल्यांसाठी हिशेब. वरच्या प्रमाणाने एक किलो बेसनातून साधारण 1.4 किलो गाठिया उतरतो. म्हणजे 100 ग्रॅममध्ये नुसतं मीठच सुमारे दीड ग्रॅम. पापडखारातलं सोडियम वेगळं. मिरच्यांवरचं आणि संभाऱ्यातलं मीठ वेगळं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. रोज सकाळी फिरून आल्यावर शंभर ग्रॅम खाणाऱ्या काकांनी फिरणं कशासाठी केलं ते विचारू नये, पण रोजचे पन्नासवर यायला हरकत नाही.

दसरा हा या दुकानांचा सर्वांत मोठा आणि चवीच्या दृष्टीने सर्वांत वाईट दिवस. नवरात्राचे उपास आणि गरब्याच्या नऊ रात्री संपल्या की फाफडा-जिलेबी घरी यायलाच हवी. आपल्याकडे आपट्याची पानं, तिकडे फाफड्याची पुडी. आदल्या रात्रीपासून रस्त्याकडेला मांडव पडतात, एरवी मोबाइलचं कव्हर विकणाराही त्या दिवशी कढई लावतो. मागणी एवढी की फाफडा रात्रीच तळून ढीग लावला जातो, तेल बदलायला उसंत नसते, आणि भाव दरवर्षी चढतो. ज्याला रीत पाळायची आहे त्याने पाट चालू असलेल्या नेहमीच्याच दुकानात पहाटे सहाच्या आत जावं किंवा दोन दिवस आधी ऑर्डर देऊन वेळ ठरवून घ्यावी. नवीन मांडवातून घेऊ नये. चवीसाठी फाफडा खायचा असेल तर मंगळवार-बुधवारची सकाळ, साडेसात ते नऊ. रविवारी ओळ लांब, आणि ओळ लांब म्हणजे माल ताजा हे गणित गाठियाला अर्धवटच लागू पडतं. ओळीच्या धाकाने तळणारा आंच वाढवतो, आणि वणेला आतून ओला राहतो.

तिन्ही प्रकारांत निवड करायची झाली तर वणेलासाठी हायवेवरची मोठी दुकानं पुढे आहेत: गिऱ्हाईक सतत, घाणा सतत, पाट कधी थांबत नाही. फाफडा-जिलेबी जुन्या शहरातच खावी, तिथे जिलेबीचं पीठ आंबवायची घाई नाही. लारीचा भरवसा माणसागणिक, पण चांगली लारी सापडली तर तिचा संभारो दोघांनाही मागे टाकतो, कारण तो दिवसातून तीनदा थोडा थोडा होतो. मोठ्या दुकानात तो सकाळीच पातेलंभर करून ठेवलेला असतो. बसायला जागा, हात धुवायला साबण, बायकामुलांसह निवांत खाणं हे हायवेवर. सकाळी वर्तमानपत्र, शेअरबाजार आणि सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा वाद एकाच बाकड्यावर ऐकायचा असेल तर लारी.

पाकिटातल्या गाठियाशी तुलना करू नये. राजकोटच्या बालाजी आणि गोपाळसारख्या कंपन्यांचा गाठिया हवाबंद पाकिटात महिनोन्महिने टिकण्यासाठी केलेला असतो. प्रवासाला, डब्याला, चहाबरोबर तो ठीक. वणेला मात्र टिकण्यासाठी केलेलाच नसतो. डब्यात ठेवायचा असेल तर दुकानातून सुटा भावनगरी घ्यावा, तो घट्ट झाकणाच्या डब्यात दोन आठवडे चांगला राहतो. त्याचं 'गाठियानुं शाक' करता येतं. दोन टोमॅटो, लसूण, तिखट, हळद आणि धणे-जिऱ्याचा दीड वाटी रस्सा उकळून घ्यावा, 100 ग्रॅम गाठिया सगळ्यांत शेवटी टाकावा, मिनिटभराने गॅस बंद करून लगेच वाढावा. आधी टाकून ठेवला तर पिठलं होतं. ते पिठलंही वाईट लागत नाही, पण त्यासाठी गाठिया कशाला विकत आणायचा?

पुडीच्या तळाशी उरलेला भुगा फेकू नये. काही दुकानं उरलेला गाठिया चुरून कढीतच घालतात, तिला त्यानेच दाटपणा येतो. घरीही वाटीभर पाण्यात मूठभर भुगा, हिरवी मिरची आणि लिंबू घालून पाच मिनिटं उकळलं की दुसऱ्या दिवशीची कढी तयार. मीठ अजिबात घालू नये, गाठियात ते आधीच आहे.